ही भिंत दिसते तशी नाही

खालून पहिला ठोका आला तेव्हा मी पुस्तक वाचत नव्हतो, नुसतं हातात धरून बसलो होतो. या दोन्हींतला फरक जगात फक्त आमच्या हिला कळतो.

"झालं सुरू," ही पलंगावरून म्हणाली. "दातांचा दवाखाना येतोय म्हणे खाली. आता लोकांचे दात उपटल्याचे आवाज ऐकत दुखणं काढायचं."

हिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती. वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जायचं आणि परत येऊन पडायचं, एवढाच तिचा प्रवास. जिन्याचं नाव काढायची सोय नव्हती. पलंग आतल्या खोलीत होता, आणि पलंगामागची अख्खी भिंत माझ्या पुस्तकांनी भरलेली, जमिनीपासून छतापर्यंत. "एक दिवस याच्याखाली सापडणार आहे मी," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायची.

दुसरा ठोका बसला. उशाशी ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हललं. आणि कुठून कोण जाणे, माझ्या मनात एक वाक्य उभं राहिलं: ही भिंत दिसते तशी नाही, हिला कोणीही हात लावू नये.

वाक्य माझं नव्हतं. इतकं ठाम मी कधी लिहीत नाही.

"अगं, खालच्या घरात मधली भिंत आहे ना, तिच्याबद्दल कुणीतरी लिहिलं होतं. पाडू नका म्हणून."

"कुणी?"

"ओळंब्यानं असावं."

"असावं?"

"बहुतेक."

"तुमचं बहुतेक म्हणजे नाहीच. वाचलं असेल एखाद्या रहस्यकथेत. परवा चष्मा फ्रीजमध्ये सापडला, विसरलात?"

विसरलो नव्हतो. भीती तीच होती. आयुष्यभर इतकं वाचलं, की कुठलं वाक्य पुस्तकातलं, कुठलं खरं घडलेलं आणि कुठलं स्वप्नातलं, याची खात्री हल्ली मला देता येत नाही.

ओळंबा म्हणजे आमच्या इमारतीतले इंजिनीअर. इमारत बांधताना देखरेख त्यांचीच होती, आणि मग इथेच घर घेऊन ते राहिले. खिशात कायम दोरीला बांधलेला पितळी ओळंबा. कुणाकडे चहाला गेले तरी आधी तो दाराच्या चौकटीला लावून ती सरळ आहे का बघणार, मान हलवणार आणि मगच बसणार. म्हणून सगळे त्यांना ओळंबा म्हणत, अगदी तोंडावर. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा कुठे असतो ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि ते वाक्य त्यांनी लिहिलं असेल, तर ते एकाच ठिकाणी असणार. फोनवरचे ग्रुप येण्याआधी आमच्या इमारतीचा एक ऑनलाइन फोरम होता. कुणीतरी धागा काढायचा, बाकीच्यांनी प्रतिसाद द्यायचे. पाणी का आलं नाही इथपासून देव आहे की नाही इथपर्यंत सगळं तिथे भांडून झालेलं. पुढे तो बंद पडला, पण कुण्या भल्या माणसाने बंद होण्याआधी सगळे धागे उतरवून एका साइटवर ठेवून दिले होते.

मी खाली गेलो. मला अनोळखी दारात उभं राहायची लाज वाटते. घंटा वाजवायच्या आधी मी मनात वाक्य तीनतीनदा म्हणून बघतो. पण दारच नव्हतं, ते काढून ठेवलं होतं. आत धुळीत दातांच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, हातात नकाशा.

"काका, ही नुसती आडोशाची भिंत आहे," माझं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या. त्या वाईट बोलल्या नाहीत, हे सांगायला हवं. "हा बघा नकाशा, ही बारीक रेघ. परवानगीही आलीय. तरी तुमच्याकडे काही लेखी असेल तर दाखवा, मी त्या क्षणी थांबवते. पण आठवतंय म्हणून कसं थांबवू? माझी खुर्ची यायचीय. ती या भिंतीपुढून वळतच नाही."

"आजोबा, ही भिंत आम्ही शेवटी घेतो," मिस्त्री म्हणाला. "आधी स्वयंपाकघर, मग मागची खोली. तोवर शोधा तुमचं."

मी आभार मानले. घरी येईपर्यंत मला पटलंही होतं, की भिंत आडोशाचीच आहे आणि मी एक त्रासदायक म्हातारा आहे. मग आतल्या खोलीचं दार ढकललं, तर ते फरशीला घासलं. काही दिवसांपासून घासत होतं. ओल धरली असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं होतं.

मी शोधायला बसलो.

त्या साइटवर शोधण्यासाठी एक चौकट होती. तिच्यात 'भिंत' लिहिलं, 'काहीही सापडले नाही' आलं. 'पाडू नये' लिहिलं, तेच. मग गंमत म्हणून माझं स्वतःचं नाव टाकलं. काहीही सापडले नाही. चौकट मेलेली होती, पण क्षणभर अंगावर काटा आला तो आलाच.

राहिली नुसती धाग्यांच्या शीर्षकांची यादी, पानांमागून पानं. मला ते काम नवं नव्हतं. जन्मभर ग्रंथालयात मी तेच केलं: पुस्तकाचं नाव बघायचं, विषय ठरवायचा, कपाट ठरवायचं. मी कामाचे धागे निवडले. 'पाण्याची टाकी'. 'लिफ्ट पुन्हा बंद'. 'गळती: तिसरी आणि शेवटची विनंती'. 'गच्चीची किल्ली कोणाकडे?' बाकीचे, म्हणजे वाढदिवस, सहली, 'कासव हरवले आहे', 'चांगला शिंपी सुचवा', ओलांडून गेलो. त्यांत भिंत कशाला असेल?

वाचताना दिवस कसे गेले कळलं नाही, आणि ते बरं वाटणारं वाचन नव्हतं. निम्मी माणसं आता नव्हती. ती तिथे अजून जिन्यातल्या दिव्यावरून एकमेकांवर तुटून पडत होती. ओळंबा सापडायचा, पण दुसरंच काही बोलायचा. गळतीच्या धाग्यात त्याने लिहिलं होतं: "पाणी खोटे बोलत नाही, माणसे बोलतात. वरच्या मजल्यावर विचारा." त्याच्याखाली वरच्या मजल्याचा भला मोठा संताप.

आणि मग लिफ्टच्या धाग्यात माझ्या नावाने एक प्रतिसाद दिसला. चांगला लांबलचक, लिफ्टच्या इतिहासावर. मी तो दोनदा वाचला. त्यातलं एकही अक्षर लिहिल्याचं मला आठवत नव्हतं.

मी लॅपटॉप मिटला. जे लिहिलं ते आठवत नाही; मग जे आठवतं ते कुणी लिहिलं होतं कशावरून?

"सापडला का खजिना?" हिने विचारलं.

"नाही. सगळे विषय बघून झाले."

"नावं बघून काय कळतंय? माणसं विषय सोडून बोलतात, तेवढंच खरं बोलतात. तुम्ही लग्नाआधी मला भेटायला आलात, ते माझ्या बाबांशी हवामानावर बोलायला. हवामानाच्या कपाटात शोधलं असतं तर मी सापडले असते का?"

मी हसलो. ती हसली नाही. ती माझ्या मागे, वरच्या फळीकडे बघत होती.

"आजच पुसली होतीत ना पुस्तकं? मग ही पांढरी भुकटी कसली?"

"खालची धूळ असेल."

"खालची धूळ वर चढते, आणि छताकडून खाली येते?"

मी वर पाहिलं. छत आणि भिंत जिथे मिळतात तिथे केसासारखी एक रेघ होती. ती पूर्वीपासून होती का? मला सांगता येईना. तिलाही येईना, आणि तिने ते कबूल केलं याचीच मला जास्त धास्ती वाटली.

"आपण काही दिवस बाहेरच्या खोलीत पलंग हलवू या का?" मी म्हणालो.

"कोण हलवणार? तुम्ही? तुम्हाला खुर्ची सरकवताना दम लागतो. शोधा आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोक्याचा आवाज बदलला. आतापर्यंत तो मागच्या बाजूने यायचा. आता आमच्या पायाखालून आला, आणि पेला सरकत जाऊन ताटलीला भिडला.

मी लॅपटॉप उचलून हिच्या मांडीवर ठेवला. "तू बघत राहा. मी खाली जातो."

"काय बघू?"

"काहीही. फोन जवळ ठेव."

जिना उतरताना मनात एकही वाक्य तयार झालं नाही. खाली मिस्त्रीने भिंतीच्या एका टोकाचा गिलावा उडवला होता आणि वरच्या काही विटा काढल्या होत्या. मी सरळ गेलो, एक रिकामी बादली उलटी केली आणि भिंतीला पाठ लावून तिच्यावर बसलो.

"काका!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे काय? धरणं धरताय?"

"आजोबा, उठा, डोक्यावर वीट पडेल," मिस्त्री म्हणाला.

मी काहीतरी म्हणालो.

"काय म्हणालात?" मिस्त्रीने विचारलं.

"उठणार नाही म्हणालो."

"मग मोठ्यानं म्हणा की."

"उठणार नाही," मी म्हणालो. आणि बादली भिंतीला आणखी चिकटवून घेतली.

"लेखी सापडलं का काही?" बाईंनी विचारलं. मी मान हलवली. "मग तुम्हीच सांगा, मी काय करू? हात धरून उठवू तुम्हाला? माझ्या वडिलांच्या वयाचे आहात." त्या फोन घेऊन ठेकेदाराशी बोलायला खिडकीपाशी गेल्या. मिस्त्रीने माझ्याकडे बघून निःश्वास टाकला. टोकाला एक वीट अर्धी लोंबकळत होती. ती कुणाच्या पायावर पडू नये म्हणून त्याने छिन्नी लावून हलकाच एक ठोका दिला.

त्याचा हात थांबल्यावर माझ्या पाठीमागे, भिंतीच्या आत, काहीतरी उतरलं.

नखं असलेलं एखादं जनावर हळूहळू खाली सरपटावं तसा तो आवाज. सर्र. थांबला. पुन्हा सर्र. मला तो कानांनी ऐकू आला त्यापेक्षा पाठीच्या कण्यातून जास्त आला.

"घूस असेल," मिस्त्री म्हणाला, पण तोही एक पाऊल मागे गेला.

मला हलता येईना. कारण हा आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता, पण वाचला होता. 'खरवडल्यासारखा.' कुणीतरी लिहिलं होतं: आत काहीतरी खरवडत आहे.

मी हिला फोन लावला. "अगं, कासवाचा धागा उघड."

"कासवाचा?"

"'कासव हरवले आहे.' उघड लवकर."

"अहो, ते का? खालच्यांच्या पोराचं कासव!" तिचा आवाज खुलला. "सगळी इमारत जिन्याखाली वाकून बघत होती, आठवतं? थांबा. हे आलं. कुणीतरी लिहिलंय, 'काळजी नसावी, फिरायला गेले असेल, वर्षाअखेरीस कोपऱ्यापर्यंत पोचेल.' पुढे... हे खालच्यांचं. 'मधल्या भिंतीतून रात्रीपासून खरवडल्यासारखा आवाज येत आहे. कासव आत अडकले असावे. उद्या भिंत फोडून पाहतो.'" ती थांबली. "आणि त्याखाली ओळंबा."

मी फोनचा आवाज मोठा करून तो हातावर धरला. डॉक्टरीणबाई खिडकीपासून वळल्या. ही वाचू लागली, शाळेत धडा वाचावा तशी, सावकाश.

"'भिंत फोडू नका. कासवासाठी नाही, हत्तीसाठीही नाही. ही भिंत दिसते तशी नाही, हिला कोणीही हात लावू नये. बांधकामाच्या वेळी वरच्या तुळईला तडा गेला होता. ती पाडून नव्याने घालण्यास बिल्डर तयार झाला नाही. म्हणून तुळईखाली दोन लोखंडी खांब उभे करून भोवती विटा रचल्या. नकाशात हे नाही. वरचा सगळा भार त्या दोन खांबांवर आहे. आवाज कासवाचा नाही. ओलीमुळे लोखंडाला गंज चढतो आणि त्याचे पापुद्रे सुटून आत पडतात. ओल मी बंद करून घेतली आहे. तूर्त भीती नाही.'"

डॉक्टरीणबाईंनी ठेकेदाराचा फोन न सांगताच बंद केला. मिस्त्रीने हातोडा खाली ठेवला, निजलेल्या बाळाजवळ ठेवावा तसा.

"पुढे?" मी विचारलं. पुढे काहीतरी होतं, हे मला तिच्या श्वासावरून कळलं.

"'हा आवाज पुन्हा आला,'" ती वाचू लागली, "'तर वरच्या मजल्यावरची आतली खोली प्रथम रिकामी करा. सामान राहू द्या, माणसे आधी. नंतर मला सांगा, केव्हाही.'"

मिस्त्रीने वर छताकडे पाहिलं.

"अहो," फोनमधून ही म्हणाली, "आतली खोली म्हणजे ही."

मी जिना कसा चढलो ते मला सांगता येणार नाही. आतल्या खोलीच्या दाराला हात लावला तर ते हललं नाही. खांदा लावला. चौकटीने दार जबड्यात धरावं तसं धरलं होतं.

"ढकलू नका!" मिस्त्री मागून आला. "आजोबा, धक्का नको. बाजूला व्हा." त्याने बिजागऱ्यांत पहार घातली आणि एकेक बिजागरी अशी काढली की लाकूडही करकरलं नाही. त्याच्या कपाळावरून घामाचे ओघळ धुळीतून वाहत होते. दाराआडून ही बोलत होती, न थांबता; गप्प बसलं तर काहीतरी होईल अशा आवाजात.

"वॉकर लांब आहे माझा. मी उठत नाही, पलंग हलेल म्हणून. अहो, ती रेघ आता केसासारखी नाही. तुम्ही वर बघू नका आल्यावर, सरळ माझ्याकडे बघा. ऐकलंत का?"

दार निघालं. मी सरळ तिच्याकडे बघितलं. केसांवर, लॅपटॉपवर, पांघरुणावर पांढरी भुकटी पसरली होती. मिस्त्रीने आणि त्याच्या दोन माणसांनी तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं आणि खुर्चीसकट उचललं. मी वॉकर घेतला. फळ्यांकडे मी पाहिलं नाही. पण शेजारून जाताना जन्मभराच्या पुस्तकांची ती भिंत मला पहिल्यांदाच एखाद्या जनावरासारखी वाटली, श्वास रोखून बसलेल्या.

"हळू रे बाबांनो," जिन्यात ही म्हणाली. "एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता. पण गुडघा नवा आहे, भिंतीसारखा वागवू नका." तिने माझं मनगट धरलं होतं, आणि बोलणं विनोदाचं असलं तरी बोटं बर्फासारखी होती.

डॉक्टरीणबाईंनी तोवर घराघरांत जाऊन सगळ्यांना बाहेर काढलं होतं. पलीकडच्या फुटपाथवर हिची खुर्ची ठेवली. थोड्या वेळाने बाईंनी बोलावलेला तज्ज्ञ आला, मागोमाग लोखंडी टेकूंनी भरलेला ट्रक. तो आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर तपकिरी पापुद्रे होते, जळलेल्या कागदासारखे. त्याने बोटाने दाबले तर त्यांचा चुरा झाला.

"हे खांबाचं लोखंड आहे," तो म्हणाला. "एक खांब गंजानं पार खाल्लाय. दुसरा आहे, म्हणून आपण बोलतोय."

"काका," डॉक्टरीणबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तुम्ही तिथे बसला नसतात तर..." मी म्हणालो, "तुमची खुर्ची कधी येणार?" असलं काहीतरी मी नेहमीच बोलतो.

ही मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. तो तिने जिन्यातही सोडला नव्हता. "कासव दुसऱ्या दिवशी चपलांच्या कपाटात सापडलं," ती म्हणाली. "मग सगळ्यांनी त्याचंच कौतुक केलंय. ओळंब्याच्या लिहिण्यावर कुणी एक अक्षर नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमचाही प्रतिसाद आहे खाली. 'कासव सापडले, फार छान झाले.'"

मी तो वाचायला मागितला नाही.

तज्ज्ञ आमच्या खिडक्यांकडे बघत होता. पहिल्या मजल्यावर आतल्या खोलीची खिडकी अर्धी उघडी राहिली होती, पडदा बाहेर आला होता.

"टेकू लावायच्या आधी मला एक सांगा," तो म्हणाला. "त्या भिंतीच्या बरोबर वर ओझं कशाचं आहे? कोण राहतं तिथे?"

"मी," मी म्हणालो. "पुस्तकं आहेत."

"काय?"

"मोठ्यानं म्हणा की," ही म्हणाली, आणि ती हे थट्टेत म्हणाली नाही.

"पुस्तकं," मी म्हणालो. "भिंतभर. छतापर्यंत."

त्याने वहीत काही लिहिलं नाही की मान हलवली नाही. नुसता वर बघत राहिला. आणि तेवढ्यात उघड्या खिडकीतून आवाज आला, आधी एक पुस्तक पडल्याचा, मग दोनचार, आणि मग एकदम पुष्कळ, वाळूची गाडी रिकामी करावी तसा. पडदा फुगला आणि त्यातून पांढरी धूळ बाहेर आली.

फुटपाथवरची सगळी माणसं एक पाऊल मागे सरली. हिला सरता येत नव्हतं, म्हणून मीही सरलो नाही.